फ्यूचर क्रू : चित्र समेवर आणणारी फिनलंडची पोरं

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे : ‘फ्यूचर क्रू या ग्रुपचं नाव जुन्या प्रोग्रामरांच्या तोंडी सतत येतं. मी त्यांचा १९९३चा सेकंड रियालिटी हा डेमो पाहिला. छान आहे, पण माझ्या फोनवरचा साधा गेमसुद्धा याहून भारी दिसतो. मग या ग्रुपचं नक्की काय एवढं? आणि त्यांनी ते कसं केलं?’

प्रश्न अगदी रास्त आहे. मी गेली पंचवीस वर्षं छोट्या उपकरणांच्या स्क्रीनसाठी ग्राफिक्स कोड लिहितो. मीटर, वैद्यकीय यंत्रं, गाड्यांचे डॅशबोर्ड, म्हणजे जिथे मेमरी कमी आणि प्रोसेसर बेताचा असतो तिथलं काम. यातलं निम्मं मी या फिनिश मुलांकडून शिकलो, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी डेमो म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्याकडे तो प्रकार फारसा पोहोचलाच नाही. ऐंशीच्या दशकात युरोपात कमोडोर ६४ हा घरगुती संगणक घरोघरी होता. १ मेगाहर्ट्झच्या आसपासचा प्रोसेसर, ६४ किलोबाइट मेमरी, टीव्हीला जोडायचा आणि सुरू करायचा. गेमची कुलुपं तोडून कॉप्या वाटणारी पोरं गेमच्या आधी आपल्या ग्रुपच्या नावाचा छोटा ‘इंट्रो’ लावायची. त्यात सरकती अक्षरं, एखादा उडता लोगो आणि सिड चिपवरचं संगीत असायचं. हळूहळू गेम मागे पडला आणि इंट्रोच मुख्य झाला. कोण जास्त ठिपके हलवतो, कोण स्क्रीनच्या कडेच्या बंद पट्टीतही चित्र काढतो, अशी चुरस लागली. अशा चालत्या प्रोग्रामला डेमो म्हणतात. तो व्हिडिओ नसतो. समोर दिसणारं प्रत्येक चित्र यंत्र त्या क्षणी काढत असतं. हे करणाऱ्यांचं जग म्हणजे डेमोसीन.

फ्यूचर क्रू सुरू झाला १९८६मध्ये, याच कमोडोर ६४वर. मध्यवर्ती माणूस सामी ताम्मिलेह्तो, सीनमधलं टोपणनाव पीएसआय. १९८८मध्ये ग्रुप आयबीएम पीसीवर आला, आणि तो निर्णय त्या वेळी वेडेपणाचाच वाटावा असा होता. डेमो करायला उत्तम यंत्र होतं कमोडोरचं अमिगा. त्यात चित्राचे तुकडे इकडून तिकडे हलवणारा ‘ब्लिटर’ नावाचा वेगळा भाग होता, स्क्रीनच्या प्रत्येक ओळीवर रंग बदलून देणारा ‘कॉपर’ होता आणि चार सुरांचं ध्वनियंत्रण होतं. पीसीमध्ये यातलं काहीच नव्हतं. ते ऑफिसात पत्रं टाइप करायचं यंत्र. आवाज म्हणाल तर बीप. ब्लिटर नाही, कॉपर नाही, स्प्राइट (पार्श्वभूमीवरून यंत्रच हलवून देतं ती छोटी चित्रं) नाहीत. जे काय करायचं ते मुख्य प्रोसेसरने एकट्याने हमाली करून करायचं. अमिगावाले पीसीच्या पोरांना हसायचे, आणि १९८९च्या सुमाराचे पीसी डेमो पाहिले तर त्यांचं हसणं समजतं. फ्यूचर क्रूचा तेव्हाचा ‘यो!’ आज पाहिला तर कोणाची मान डोलणार नाही. १९९१च्या मेंटल सर्जरीत पहिल्यांदा जाणवतं की ही माणसं कुठेतरी निघालेली आहेत.

मधल्या काळात पीसी सावकाश बदलत होता. १९८७मध्ये व्हीजीए हे पीसीचं नवं ग्राफिक्स आलं. ३२० बाय २००चा पडदा आणि एका वेळी २५६ रंग, तेही २,६२,१४४ छटांमधून निवडलेले. ध्वनिकार्डं आली, ३८६ आणि ४८६ प्रोसेसर आले. फ्यूचर क्रूने हे सगळं येण्याआधीच तिथे जागा धरून ठेवली होती. अमिगावर जी मंडळी आधीच मुरलेली होती तिच्याशी झुंजण्यापेक्षा, जिथे अजून वाटच पडलेली नाही तिथे त्यांनी वाट पाडली.

१९९२ हे त्यांचं खरं वर्ष. त्या वर्षी त्यांनी दोन मोठ्या गोष्टी केल्या, आणि इतिहासाच्या दृष्टीने त्यातली दुसरी जास्त टिकली. पहिली म्हणजे अनरियल हा डेमो. दुसरी म्हणजे असेंब्ली हा मेळावा. जुलै १९९२मध्ये हेलसिंकीजवळच्या काउनिआइनेन गावात फ्यूचर क्रूने कॉम्प्लेक्स आणि रेबेल्स या दोन अमिगा ग्रुपांबरोबर तो भरवला. म्हणजे ज्यांच्याशी चढाओढ, त्यांच्याच खांद्याला खांदा लावून मांडव घातला. पोरं आपापले संगणक, मॉनिटर, वायरी घेऊन आली, हॉलमध्येच झोपली, आणि मोठ्या पडद्यावर डेमोंच्या स्पर्धा झाल्या. पीसी डेमोच्या स्पर्धेत अनरियल पहिला आला. असेंब्ली पुढेही चालू राहिला आणि हेलसिंकीच्या मोठ्या स्टेडियमपर्यंत गेला. त्याच वर्षअखेरीस डेन्मार्कमधल्या द पार्टी या मेळाव्यात त्यांचा पॅनिक हा डेमो दुसरा आला, विटान ग्रुपच्या फॅक्ट्स ऑफ लाइफच्या मागे. हरण्याने त्यांचं भलंच झालं असं मी मानतो. पॅनिकमध्ये एकेक तुकडा सुरेख आहे, पण तुकडे एकमेकांशी बोलत नाहीत. त्याच द पार्टीत अमिगाच्या स्पर्धेत स्पेसबॉल्स या नॉर्वेच्या ग्रुपने तालावर नाचणाऱ्या काळ्या आकृत्यांचा डेमो दाखवून बाजी मारली. तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर त्यात फार जड काही नव्हतं. सगळी जादू ताल आणि चित्र यांच्या जोडीत होती.

आता सेकंड रियालिटी. जुलै १९९३च्या अखेरीस केरावा इथल्या दुसऱ्या असेंब्लीत तो पहिल्यांदा दाखवला गेला आणि जिंकला. लोकांच्या हातात पक्की आवृत्ती मात्र ऑक्टोबरमध्ये आली. मेळाव्यात एका ठरावीक मशीनवर डेमो चालणं वेगळं आणि शेकडो वेगवेगळ्या ग्राफिक्स आणि ध्वनिकार्डांवर तो चालणं वेगळं, हे ज्यांनी कधी ग्राहकाला सॉफ्टवेअर दिलं आहे त्यांना सांगायला नको. स्पर्धा जिंकून झाल्यावरही ही पोरं पुढचे दोन महिने दुरुस्त्या करत बसली. बक्षीस तर आधीच मिळालं होतं. मला या गोष्टीचं फार मोल वाटतं.

मी तो पाहिला १९९६च्या दिवाळीच्या सुट्टीत, कोथरूडला मित्राच्या घरी. ४८६ डीएक्स२, १४ इंची मॉनिटर, संगणक मासिकासोबत आलेली सीडी. ध्वनिकार्ड नवीन होतं आणि काही केल्या वाजत नव्हतं. शेवटी सुरुवातीच्या मेनूत ‘आवाज नको’ निवडून आम्ही डेमो तसाच मुका पाहिला. ढगांखालून जाणारी यानं दिसली, पारदर्शक ठोकळे उसळले, ठिपक्यांचा बोगदा आला, चित्रावरून भिंग फिरलं. ‘भारी आहे’ म्हणालो आणि चहा प्यायला गेलो. दुसऱ्या दिवशी मित्राच्या मोठ्या भावाने कार्ड बाहेर काढलं. त्याचा आयआरक्यू, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायची तार, ७ वर होता आणि तो प्रिंटर पोर्टशी भांडत होता. जंपर ५ वर सरकवला, कार्ड परत बसवलं, आणि तोच डेमो पुन्हा लावला. खोलीतल्या चौघांपैकी कोणी पुढची काही मिनिटं बोललं नाही. चित्रं कालचीच होती. पण प्रत्येक दृश्य ढोलाच्या ठोक्यावर उघडत होतं, ठोकळा आपटत होता तो तालावर, रंग उजळत होते ते तानेच्या टोकाला. आपल्या भाषेत सांगायचं तर चित्र समेवर येत होतं.

तुमच्या ‘नक्की काय एवढं’चं माझं उत्तर तेच आहे. वेग इतरांकडेही होता. फ्यूचर क्रूने संगीताला मालक केलं आणि प्रोग्रामला त्याच्या मागे चालायला लावलं, आणि त्यासाठी लागणारी हत्यारं स्वतः घडवली.

हत्यारांपैकी पहिलं म्हणजे स्क्रीम ट्रॅकर. ट्रॅकर हा संगीत लिहायचा प्रोग्राम. पडद्यावर वरून खाली सरकणाऱ्या ओळी असतात, प्रत्येक ओळीत कुठल्या वाद्याचा कुठला सूर कितपत जोरात ते आकड्याअक्षरांत लिहायचं. ६४ ओळींचा एक पॅटर्न, जणू ६४ मात्रांचं आवर्तन, आणि पॅटर्न एकापुढे एक लावले की गाणं. ही कल्पना अमिगावरची. पीसीवर पीएसआयने १९९०मध्ये स्क्रीम ट्रॅकर काढला आणि तो वाढवत नेला. त्याची तिसरी मोठी आवृत्ती सगळ्यांसाठी १९९४मध्ये खुली झाली, पण ग्रुपचे दोन संगीतकार ती घरातच आधीपासून वापरत होते. सेकंड रियालिटीचं संगीत त्याच आवृत्तीच्या एस३एम या फाइल प्रकारातलं आहे. संगीतकार होते पर्पल मोशन म्हणजे योन्ने वाल्टोनेन आणि स्केव्हन म्हणजे पीटर हाय्बा. स्केव्हन चित्रंही काढायचा. म्हणजे पाहा, वाद्य बनवणारा आणि रंगमंच बांधणारा एकच माणूस, आणि वादक त्याच्याच घरातले. गाणं आत्ता कुठल्या पॅटर्नच्या कुठल्या ओळीवर आहे हे डेमोला कळवणं त्यांच्यासाठी एका फंक्शनचं काम होतं. बाहेरून कोणाचं तरी संगीत आणून चिकटवणाऱ्याला हे साधणं फार अवघड.

दुसरं हत्यार बाहेरच्यांना कित्येक वर्षं दिसलंच नाही. २०१३मध्ये, वीस वर्षं झाल्याच्या निमित्ताने, सेकंड रियालिटीचा संपूर्ण सोर्स कोड गिटहबवर कोणताही हक्क न राखता खुला झाला. मी त्या आठवड्यात कामावरून घरी येऊन रोज तेच वाचलं. मला वाटलं होतं, असेंब्ली या प्रोसेसरच्या अगदी जवळच्या भाषेतला (मेळाव्याशी फक्त नाव जुळतं) एक अवाढव्य प्रोग्राम असेल. निघाली डॉसवर, म्हणजे तेव्हाच्या पीसीच्या कार्यप्रणालीवर, चालणाऱ्या सुट्या सुट्या प्रोग्रामांची माळ! प्रत्येक दृश्य म्हणजे स्वतंत्र चालणारी एक एक्झी फाइल. कोणी शुद्ध असेंब्लीत लिहिलेली, कोणी सी वापरून. पीएसआय, ट्रग, वाइल्डफायर असे वेगवेगळे कोडर, आणि प्रत्येकाची हात चालवायची पद्धत निराळी. मधोमध एक छोटा लोडर. तो एक दृश्य मेमरीत आणतो, चालवतो, संपलं की पुसतो आणि पुढचं आणतो. डॉसची ६४० किलोबाइटची कोंडी तुम्हाला ठाऊक असेल. प्रत्येक दृश्याला झाडून स्वच्छ केलेलं अंगण मिळायचं, आधीच्या बिऱ्हाडाचा कचरा नाही.

या सुट्या प्रोग्रामांना बांधणारा धागा म्हणजे डिस नावाचा एक लहानसा सर्व्हर. तो एका इंटरप्टवर, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायच्या ठरलेल्या क्रमांकावर, बसून असतो. दृश्याचा प्रोग्राम त्याला मोजकेच प्रश्न विचारतो. मॉनिटरचा किरण परत वर पोहोचेपर्यंत थांबतोस का? कोणी एस्केप दाबलं का? गाणं कुठल्या ओळीवर आलं? गाण्यात पेरलेली खूण आत्ता कोणती? अमिगाच्या कॉपरची नक्कलही त्यातच बसवलेली आहे. पडद्याच्या ठरावीक क्षणी माझं हे छोटं काम करून दे, असं दृश्य त्याला सांगून ठेवू शकतं. आणि खरी हुशारी पुढे आहे. घरी काम करताना कोडर हा डिस मेमरीत कायम बसवून ठेवायचा आणि आपलं दृश्य एकटंच चालवून पाहायचा. पूर्ण डेमो चालवायची गरज नाही. शेवटी तोच प्रोग्राम, न बदलता, मुख्य माळेत ओवला की तिथला डिस त्याच प्रश्नांना तशीच उत्तरं देतो. ज्या काळात यांच्यातले बरेच जण विशीच्या आतबाहेर होते आणि फाइली फ्लॉपीवरून किंवा मोडेमवरून एकमेकांकडे जायच्या, त्या काळात इतकं नेटकं वाटप! आज आम्ही डॅशबोर्डच्या कामात वेगवेगळ्या टीमना ठरलेल्या चार फंक्शनांची सीमा आखून देतो, तेव्हा मला हटकून डिस आठवतो.

आता ‘कसं केलं’ याचा दुसरा अर्थ, म्हणजे वेग. एकच दृश्य जवळून दाखवतो : गरगर फिरत लहानमोठं होणारं चित्र, ज्याला सीनमध्ये रोटोझूमर म्हणतात.

हिशेब असा. ३२० गुणिले २०० म्हणजे ६४,००० ठिपके. व्हीजीएचा पडदा सेकंदाला ७० वेळा रंगतो. प्रत्येक वेळी नवं चित्र हवं असेल तर सेकंदाला ४४,८०,००० ठिपके काढायचे. ३३ मेगाहर्ट्झच्या ४८६कडे सेकंदाला प्रोसेसरच्या घड्याळाचे ३ कोटी ३० लाख ठोके असतात. भागाकार करा : एका ठिपक्याला सात-साडेसात ठोके. त्यातच मूळ चित्रातली जागा शोधायची, रंग वाचायचा आणि तो ग्राफिक्स कार्डापर्यंत हळू बसमधून पोहोचवायचा. ४८६वर एका गुणाकारालाच तेरा किंवा अधिक ठोके लागतात. पुस्तकी पद्धतीने फिरवायचं तर दर ठिपक्याला साइन-कोसाइनचे चार गुणाकार. म्हणजे दुकान उघडण्याआधीच दिवाळं.

तेव्हाचे कोडर काय करायचे? चित्र फिरलेलं असलं तरी पडद्यावर तुम्ही एक घर उजवीकडे गेलात की मूळ चित्रातली जागा दर वेळी तेवढ्याच अंतराने सरकते, हे त्यांनी हेरलं. ते अंतर पूर्ण चित्रासाठी एकदाच काढायचं. मग प्रत्येक ठिपक्याला फक्त बेरीज. अपूर्णांकांचं काय? ३८६ला आणि ४८६एसएक्सला अपूर्णांकांचं गणित करणारा भाग नव्हताच. म्हणून सगळं २५६ पटींत धरायचं. पाऊण म्हणजे १९२, दीड म्हणजे ३८४. साइनचं कोष्टक सुरुवातीलाच भरून ठेवायचं, चालू डेमोत साइन काढायचीच नाही. आणि यातला मला सर्वांत आवडणारा भाग : मूळ चित्र मुद्दाम २५६ बाय २५६चं घ्यायचं. ते होतं बरोबर ६५,५३६ बाइट, म्हणजे मेमरीच्या एका सेगमेंटमध्ये, ६४ किलोबाइटच्या खणात, काठोकाठ बसणारं. वरचा बाइट ओळ सांगतो, खालचा बाइट स्तंभ. स्तंभ २५५च्या पुढे गेला की आठ बिटांचं रजिस्टर आपोआप शून्यावर येतं, आणि चित्र पुन्हा पहिल्या कडेपासून सुरू होतं. ‘कड ओलांडली का?’ ही तपासणीच नको! चित्र अनंतापर्यंत फरशीसारखं पसरतं आणि त्यासाठी एकही ठोका खर्च होत नाही. तरीही हिशेब बसेना तर अर्ध्या आकाराचं चित्र काढून व्हीजीएच्या आतल्या रचनेचा फायदा घेत एका लेखणीत अनेक ठिपके भरायचे. वेगाने फिरणाऱ्या चित्रात डोळ्याला तो जाडसरपणा खुपत नाही.

भिंगाचं दृश्य तर याहून साधं आहे, आणि म्हणून मला अधिक सुंदर वाटतं. भिंगाखालचा कुठला ठिपका किती सरकून दिसेल हे भिंगाच्या आकारावर ठरतं, आणि आकार बदलत नाही. तेव्हा ते कोष्टक आधीच तयार. चालू डेमोत प्रकाशशास्त्र शून्य, फक्त ‘इथला ठिपका तिथून उचल’. पारदर्शक ठोकळ्यांतही, ज्यांना ग्लेन्झ म्हणतात, रंग मिसळायचं गणित कोणी करत नाही. पुढच्या बाजूचा रंगक्रमांक आणि मागच्या बाजूचा क्रमांक एकत्र आले की जो नवा क्रमांक होतो, त्या क्रमांकाच्या खणात मिसळलेली छटा आधीच भरून ठेवायची. मिसळणं पॅलेट, म्हणजे कुठल्या क्रमांकाला कुठला रंग याचं कोष्टक, करतं, प्रोसेसर नाही.

म्हणजे वेगाचं गुपितही पुन्हा तिथेच येतं : काय आधी करून ठेवता येईल, आणि प्रेक्षकाच्या डोळ्याला काय कळणारच नाही. हे ठरवायला प्रोग्रामरपेक्षा दिग्दर्शकाची नजर लागते. कॅमेरा कुठून कुठे जाणार हे आधीच पक्कं असेल तर कुठली भिंत कधी दिसणार तेही पक्कंच असतं. नाटकात प्रेक्षक विंगेत येत नाहीत, म्हणून नेपथ्याची मागची बाजू कोणी रंगवत नाही. गेमला ही मुभा नाही, कारण खेळणारा कुठेही वळू शकतो. त्यामुळे तुमच्या फोनवरच्या गेमशी सेकंड रियालिटीची तुलना करताना हा फरक लक्षात असू द्या. गेमचं काम अवघड आहे ते वेगळ्या कारणाने.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. सेकंड रियालिटीतले बरेचसे परिणाम अमिगावर आधी होऊन गेले होते, आणि अमिगाच्या मंडळींनी तेव्हा तसं सुनावलंही. ते बरोबर होतं. मधला बराच भाग आजही मला ‘हेही येतं, तेही येतं’ असा वाटतो. पण सुरुवातीचा यानांचा प्रवेश आणि शेवटचं त्रिमितीय शहर पाहा. आधी शांत पार्श्वभूमी, मग चढत जाणारं संगीत, स्फोट, आणि त्या स्फोटाच्या ठोक्यावर नाव. तिथे दिग्दर्शन आहे. १९९९मध्ये स्लॅशडॉटच्या वाचकांनी आजवरच्या दहा सर्वोत्तम करामतींत या डेमोला जागा दिली, ती एखाद्या सुट्या परिणामासाठी दिली असेल असं मला वाटत नाही.

यानंतर ग्रुपने तेवढ्या तोलाचा डेमो केला नाही. १९९४पर्यंत बहुतेक जण कामाधंद्याला लागले होते. तो धंदा काय होता हे सांगतो, म्हणजे ‘प्रभावशाली’ हा शब्द उगाच वापरला जात नाही हे पटेल. १९९५मध्ये सीनमधल्या या मंडळींनी, त्यात गोर म्हणजे सामुली स्युव्याहुओको होता, रेमेडी ही गेम कंपनी काढली. १९९६ला डेथ रॅली, २००१ला मॅक्स पेन. मॅक्स पेन तर आपल्याकडच्या सायबर कॅफेंतसुद्धा खेळला गेला. रेमेडीतूनच ग्राफिक्स कार्डांची ताकद मोजायच्या कामाला सुरुवात झाली आणि १९९७मध्ये फ्यूचरमार्क उभी राहिली, जिचं थ्रीडीमार्क जगभर वापरलं गेलं. २००२च्या सुमारास मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मशीन जुळवून घेतलं की आम्ही पहिल्यांदा तेच चालवायचो. दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघंही पडद्याकडे बघत उभे, आकडा किती येतो म्हणून.

तुम्ही फोनचा दाखला दिलात, म्हणून हेही. ट्रग म्हणजे मिका तुओमी पुढे बिटबॉइज या फिनिश ग्राफिक्स चिप कंपनीत होता. ती कंपनी २००६मध्ये एटीआय या ग्राफिक्स कार्डांच्या कंपनीने घेतली, त्याच वर्षी एटीआय प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीकडे गेली, आणि २००९मध्ये एएमडीने आपला मोबाइल ग्राफिक्सचा विभाग फोनच्या चिप बनवणाऱ्या क्वालकॉमला विकला. क्वालकॉमची अड्रेनो ही ग्राफिक्स चिपची मालिका त्या वंशातली. तुमचा फोन क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगनवर चालत असेल तर ज्या गेमशी तुम्ही तुलना केलीत तो काढणाऱ्या चिपच्या पूर्वजांत सेकंड रियालिटीचा एक कोडर आहे.

संगीतकारही थांबले नाहीत. स्केव्हन रेमेडीत गेला, आणि रंगीत खडे जुळवायच्या बीज्वेल्ड या खेळाचं संगीतही त्याचंच. माझी बहीण तो तासन्‌तास खेळायची, तिला हे सांगितल्यावर तिने पहिल्यांदा आवाज चालू केला. पर्पल मोशनने पुढे गेमच्या संगीताची वाद्यवृंदासाठी मांडणी केली, जर्मनीत कोलोनला पूर्ण ऑर्केस्ट्राने ती वाजवली. स्क्रीम ट्रॅकरच्या धर्तीवर पुढे इम्पल्स ट्रॅकर आला आणि एका अख्ख्या पिढीने घरबसल्या, वाद्य न शिकता, संगीत लिहिलं. एप्रिल २०२०मध्ये फिनलंडने डेमोसीनला आपल्या जिवंत वारशाच्या राष्ट्रीय यादीत घेतलं, आणि पुढच्या वर्षी जर्मनीनेही. लोकगीतं, हस्तकला यांच्या पंक्तीला.

आणि एक वर्तुळ पूर्ण झालं ते सांगायचं राहिलं. १९९७मध्ये स्मॅश डिझाइन्स या ग्रुपने सेकंड रियालिटी उतरवला तो कमोडोर ६४वर. जिथून फ्यूचर क्रू निघाला होता त्याच १ मेगाहर्ट्झच्या यंत्रावर! रंग सोळा, ठिपके जाड, पण दृश्यांचा क्रम आणि ताल ओळखू येतो.

आता तुमच्यासाठी काम. यूट्यूबवर पाहू नका, तिथे व्हिडिओचा वेग बहुधा ३० किंवा ६०वर बसवलेला असतो आणि ७०च्या पडद्याची ती मऊ हालचाल तुटते. डॉसबॉक्स (आजच्या संगणकावर जुना डॉस पीसी उभा करणारा प्रोग्राम) टाका, डेमो उतरवून घ्या. मेनूत साउंड ब्लास्टर निवडा : पोर्ट २२०, आयआरक्यू ७, डीएमए १, डॉसबॉक्समध्ये मुळात हेच असतं. पण पहिल्यांदा आवाज बंद ठेवूनच पाहा, आम्ही पाहिला तसा, आणि कुठली दृश्यं कंटाळवाणी वाटली ते कागदावर लिहा. दुसऱ्यांदा हेडफोन लावून पाहा आणि तोच कागद समोर ठेवा. मग सोर्समधला डिसचा फोल्डर उघडा. भिंग आणि बोगदा नंतर वाचलात तरी चालेल. आधी ते फंक्शन शोधा जे गाण्याची चालू ओळ परत देतं, आणि ते कुठकुठल्या दृश्यातून बोलावलं जातं ते पाहा. अडलं तर विचारा, माझ्याकडे त्या फोल्डरवर पेन्सिलने केलेल्या टिपणांची एक वही आहे.